तोंडातली राखण : लाळेतली विकरं आणि लेकरांचे दात



पचनसंस्थेच्या धड्यात लाळेचा उल्लेख दोन-तीन ओळींत संपतो. 'लाळेत टायलिन (अमायलेज) हे विकर असते. ते पिष्टमय पदार्थांचे शर्करेत रूपांतर करते.' मुलं हे वाक्य पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि मोकळी होतात. विकर म्हणजे एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रियांना वेग देणारं प्रथिन, हेही बऱ्याच जणांना सांगता येतं. पण लाळेचं दुसरं एक मोठं काम आहे, आणि ते धड्यात आलं तरी वर्गात राहून जातं. ते काम म्हणजे तोंडाची राखण.

राखण हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही. शाळूची कणसं दाण्यांनी भरली की शेतात माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकणारा माणूस त्यांनी पाहिलेला किंवा आजोबांकडून ऐकलेला असतो. राखणदार सगळी पाखरं मारत नाही. तो त्यांना पिकावर बसू देत नाही, एवढंच. आणि तो जेवायला घरी गेला की पाखरं उतरतात. लाळेचंही नेमकं असंच आहे. हे एवढं मुलांच्या डोक्यात बसलं तर पुढचा सगळा पाठ सोपा जातो.

तोंडात कोण कोण राहतं?

आपलं तोंड उबदार आहे, ओलं आहे आणि दिवसातून अनेक वेळा तिथं अन्न येतं. सूक्ष्मजीवांना आणखी काय पाहिजे? माणसांच्या तोंडात आजवर जिवाणूंच्या सातशेच्या आसपास जाती सापडल्या आहेत. एका माणसाच्या तोंडात त्या सगळ्या एकाच वेळी नसतात. पण लाळेच्या एका मिलीलीटरमध्ये, म्हणजे साधारण वीस थेंबांत, दहा कोटींच्या घरात जिवाणू असू शकतात.

हा आकडा सांगितला की वर्गात "ई ऽऽ" असा आवाज येतो. तेव्हाच सांगून टाकायचं की यातले बहुतेक निरुपद्रवी आहेत. काही तर उपयोगी आहेत, कारण ते जागा अडवून ठेवतात आणि त्रासदायक जिवाणूंना बस्तान बसवू देत नाहीत. म्हणून तोंड निर्जंतुक करणं हे लाळेचं कामच नाही. कुणी एकानं डोकं वर काढून सगळं रान बळकावू नये, हा तोल सांभाळणं हे तिचं काम आहे.

लाळ येते कुठून आणि किती?

लाळग्रंथींच्या तीन मुख्य जोड्या आहेत. एक कानाच्या पुढे-खाली, गालात. गालगुंड झालेल्या मुलाचा गाल फुगतो तो हीच ग्रंथी सुजल्यामुळे, एवढं सांगितलं की ग्रंथीची जागा मुलं विसरत नाहीत. दुसरी जोडी खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला आणि तिसरी जिभेखाली. याशिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या आतल्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी असतात.

मोठ्या माणसात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लीटर लाळ तयार होते. त्यात ९९ टक्के पाणीच असतं. राखणीचं सगळं सामान उरलेल्या एक टक्क्यात आहे. काही चावायला लागलं की लाळेचा प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. झोपेत मात्र तो जवळजवळ थांबतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

पहिला राखणदार : लायसोझाइम

या विकराच्या शोधाची गोष्ट मुलांना जरूर सांगा. १९२१ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होते. त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी नाकातला शेंबूड जिवाणूंच्या संवर्धनात टाकून पाहिला आणि त्याच्या आजूबाजूचे जिवाणू विरघळल्यासारखे नाहीसे झाले. मग त्यांनी अश्रू, लाळ, अंड्यातला पांढरा बलक असं एकेक तपासलं. सगळीकडे तोच पदार्थ सापडला. १९२२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पेनिसिलिनचा त्यांचा प्रसिद्ध शोध १९२८ चा, म्हणजे हा त्याच्याही आधीचा.

लायसोझाइम करतं काय? जिवाणूच्या पेशीभोवती एक भिंत असते. शर्करेच्या कड्या एकमेकींत अडकवून विणलेल्या जाळीसारखी. लायसोझाइम या जाळीतले ठरावीक सांधे कापतं. भिंत कमजोर झाली की बाहेरचं पाणी आत शिरतं आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून आपल्याला इजा होत नाही. 'प्राणीपेशीला पेशीभित्तिका नसते' हे वाक्य आपण पेशीच्या धड्यात शिकवतो. त्याचा उपयोग असा आपल्याच तोंडात आहे, हे इथे जोडून दाखवता येतं.

पण लायसोझाइम सगळ्यांना पुरून उरतं असं नाही. काही जिवाणूंच्या भिंतीवर आणखी एक बाहेरचं आवरण असतं, तिथं विकर सहज पोचत नाही. फ्लेमिंग यांनाही हेच दिसलं होतं. जे जिवाणू चटकन विरघळत होते ते बहुतेक रोग न करणारे होते. विचार केला तर यात आश्चर्य नाही. लायसोझाइमपुढे जे टिकले, तेच आपल्याला त्रास द्यायला उरले.

दुसरा राखणदार : पेरॉक्सिडेज

याची पद्धत वेगळी आहे. तोंडातले काही जिवाणू स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करून बाहेर टाकतात. आपल्या रक्तातून लाळेत थायोसायनेट नावाचा एक पदार्थ येत असतो. पेरॉक्सिडेज हे विकर या दोघांची गाठ घालून देतं आणि त्यातून हायपोथायोसायनाइट तयार होतं. याच्यामुळे जिवाणूंना साखर वापरणं अवघड जातं. त्यांची वाढ मंदावते आणि ते आम्लही कमी तयार करतात. शिवाय हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त साठलं तर आपल्याच पेशींना त्रास झाला असता, तेही वापरून संपतं. म्हणजे जिवाणूंनी टाकलेल्या वस्तूचाच त्यांच्याविरुद्ध उपयोग.

हे विकर मुलांच्या ओळखीचं करायचं असेल तर दुधाकडे वळा. भूम तालुक्यातला खवा सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या मुलांना विचारा, धार काढली की लगेच दूध का नासत नाही? न तापवलेलं ताजं दूध थोडा वेळ टिकतं, त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणजे गाई-म्हशीच्या दुधातलं लॅक्टोपेरॉक्सिडेज. आपल्या लाळेतलं पेरॉक्सिडेज त्याच कुळातलं आहे. जिथं दूध थंड ठेवण्याची सोय नाही तिथं या विकराचा उपयोग करून ते टिकवण्याची पद्धत कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक संस्थेनं १९९१ साली मार्गदर्शनासाठी दिली. (ही पद्धत दूध संकलन केंद्रांसाठी आहे, घरी करून बघायची नाही. घरी दूध उकळायचंच.)

हाताखालची इतर मंडळी

लाळेत राखण करणारे सगळेच पदार्थ विकरं नाहीत. मुलांनी घोळ करू नये म्हणून हे वेगळं सांगावं. लॅक्टोफेरिन हे प्रथिन लोह धरून ठेवतं, त्यामुळे जिवाणूंना लोह मिळत नाही. हिस्टॅटिन बुरशीला आवर घालतं. प्रतिपिंडं जिवाणूंना चिकटतात आणि दातावर बसू देत नाहीत. म्युसिन या चिकट पदार्थात जिवाणू गुंतून त्यांच्या गुठळ्या होतात, आपण त्या गिळतो आणि पुढचं काम जठरातलं आम्ल करतं.

अमायलेजची दुसरी बाजू

धड्यातलं आपलं नेहमीचं अमायलेजही इथे येतं, पण त्याचा हिशेब सरळ नाही. ते दातांत अडकलेल्या पिठूळ कणांचं विघटन करतं, त्यामुळे ते कण सुटून वाहून जायला मदत होते. पण त्यातून तयार होणारी शर्करा जिवाणूंनाही मिळते. काही जिवाणू तर अमायलेज स्वतःला चिकटवून घेतात. म्हणूनच बिस्किट, वेफर्स यांसारखा दाताला चिकटून बसणारा पदार्थ गोड लागला नाही तरी दाताला त्रास देऊ शकतो. 'गोड खात नाही, मग दात का किडला?' या पालकांच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथं आहे.

खरा मुद्दा : लाळेला वेळ लागतो

आता पाठाचा गाभा. दात किडतो म्हणजे त्यात कुठला किडा शिरत नाही. स्ट्रेप्टोकोकस म्युटान्ससारखे जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. दातावरच्या थराचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात.

मग लाळ काय करते? साखर धुऊन नेते. तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, आणि या कामात कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचं आणखी एक विकर हातभार लावतं. सामू पुन्हा वर आला की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताच्या पृष्ठभागावर परत बसायला लागतं. सुरुवातीची बारीक झीज अशी भरून निघते. खड्डा पडल्यावर मात्र लाळ काही करू शकत नाही.

रॉबर्ट स्टेफन या अमेरिकन संशोधकानं १९४० च्या दशकात हे मोजून दाखवलं. साखरेच्या पाण्यानं चूळ भरल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थराचा सामू घसरतो. तो पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो.

आता एखाद्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी गोड चहा-बिस्किट. शाळेत येताना एक गोळी. मधल्या सुट्टीत चिक्की. घरी जाताना पुन्हा काहीतरी. संध्याकाळी पाहुण्यांनी आणलेला पेढा. प्रत्येक वेळी लाळेचं काम अर्ध्यावर असतानाच नवी साखर येऊन पडते. म्हणून 'किती गोड खाल्लं' याच्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, 'किती वेळा खाल्लं' याला महत्त्व आहे. तुळजापूरहून आलेला प्रसाद, रेवड्या, पेढे, ऊस, गूळ यातलं काही बंद करा असं सांगायची गरज नाही. ते जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर एकदाच खावं, दिवसभर चघळत बसू नये आणि खाल्ल्यावर पाण्यानं खळखळून चूळ भरावी. एवढं सांगितलं तर घरात ऐकलंही जातं.

रात्रीचा नियम तर यापुढे आपोआप समजतो. झोपेत राखणदार घरी गेलेला असतो. त्यामुळे झोपण्याआधी दात घासणं हे सकाळच्या घासण्यापेक्षाही गरजेचं, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. तान्ह्या लेकराला दुधाची किंवा साखरपाण्याची बाटली तोंडात देऊन झोपवू नये, त्याचंही हेच कारण.

राखणदार उठून गेला तर?

लाळेचं महत्त्व सगळ्यात स्पष्ट दिसतं ते ती कमी झाल्यावर. ताप, तोंडानं श्वास घेण्याची सवय, ॲलर्जीची काही औषधं, अनियंत्रित मधुमेह, पाणी कमी पिणं, यांमुळे तोंड कोरडं पडतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत मुलांना पाण्याची आठवण करून देणं हे दातांसाठीसुद्धा आहे. काही शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा देतात, तो उपक्रम घेण्यासारखा आहे.

याचं सगळ्यात कठीण रूप कर्करोगाच्या रुग्णांत दिसतं. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेताना लाळग्रंथींना इजा होते. लाळ आटते, घास गिळवत नाही, आणि आधी चांगले असलेले दात वर्ष-दोन वर्षांत भराभर किडू शकतात. म्हणून उपचाराआधी दातांची तपासणी करून घ्यायला सांगतात. हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. शेजारच्या बार्शीत १९८७ साली देशातल्या ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या नोंदणीत बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या परांडा आणि भूम तालुक्यांतली गावंही घेतलेली आहेत. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचं नाव आपल्याकडच्या घराघरांत माहीत आहे.

आणि तोंडाच्या कर्करोगाचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे तंबाखू. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे. पण मिश्री घरातच भाजली जाते आणि ती 'दात घासायला' म्हणून लावली जाते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे मुलांना आणि त्यांच्यामार्फत आई-आजीला कळायला हवं. सांगताना सूर मात्र जपा. मुलानं घरी जाऊन "आजी, तू चुकतेस" म्हणावं असं नको. "आजी, तुझ्या तोंडात राखणदार आहेत, त्यांना मिश्रीची गरज नाही," असं म्हटलं तर आजी निदान ऐकून घेईल.

चार गैरसमज

१. "लागलं तर थुंकी लाव." लाळेत लायसोझाइम आहे हे खरं. पण त्याच थेंबात कोट्यवधी जिवाणूही आहेत. तोंडात ते शांत असतात, जखमेत शिरले तर संसर्ग करू शकतात. जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवावी. थुंकी डोळ्यांतही घालू नये.

२. "कुत्रं चाटलं की जखम भरते." हा सगळ्यात धोक्याचा समज आहे. रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतूनच पसरतो, आणि लाळेतलं कुठलंही विकर त्याला अडवत नाही. कुत्र्यानं उघड्या जखमेवर चाटलं तर ते चाव्याइतकंच गंभीर समजायचं. जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. पाठातलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे विसरू देऊ नका.

३. "बाळाला भाकरी चावून मऊ करून दे." माया खरी आहे, पण मोठ्यांच्या लाळेतून दात किडवणारे जिवाणू बाळाच्या तोंडात जातात. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्यावी. बाळाचा चमचा आपल्या तोंडात घालून बघू नये.

४. "दुधाचेच दात आहेत, पडणारच." पडणार हे खरं, पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या दुखल्या की लेकरू नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही, वर्गात लक्ष लागत नाही. शिवाय त्या वेळेआधी काढाव्या लागल्या तर पक्के दात वाकडे येऊ शकतात.

वर्गात काय करता येईल?

*उपक्रम १ – भाकरीचा घास.* डब्यातला भाकरीचा कोरडा तुकडा घेऊन गिळायचा नाही, दोन मिनिटं सावकाश चावायचा. हळूहळू गोडसर चव येते. अमायलेजचं काम जिभेला कळतं.

*उपक्रम २ – पेज आणि आयोडीन.* भाताची पेज भरपूर पाण्यात पातळ करून कोमट करा. तीन लहान ग्लासांत थोडी थोडी घ्या. पहिल्यात एक चमचा पाणी, दुसऱ्यात एक चमचा लाळ, तिसऱ्यात उकळून गार केलेली लाळ घाला. पंधरा मिनिटांनी तिन्हींत प्रथमोपचार पेटीतल्या आयोडीनचा एकेक थेंब टाका. पहिला आणि तिसरा निळा-काळा होईल, दुसऱ्यात रंग फिका राहील किंवा येणारच नाही. उकळल्यावर विकराचं काम का थांबलं, यावर मुलांना बोलू द्या. लाळ एकाच मुलाची, त्यानंच हाताळायची. नंतर ग्लास साबणानं धुवायचे.

तोंडातले जिवाणू वाढवून दाखवायचा मोह मात्र टाळावा. शाळेत ते सुरक्षितपणे करता येत नाही.

*उपक्रम ३ – आठवड्याचा तक्ता.* प्रत्येक मुलानं सात दिवस दोनच गोष्टी लिहायच्या : आज गोड किंवा चिकट पदार्थ किती वेळा खाल्ला, आणि रात्री झोपताना दात घासले का. तक्ता भिंतीवर लावायचा नाही, कुणाची तुलना करायची नाही. आठव्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा : "तुझ्या लाळेला कोणत्या दिवशी जास्त वेळ मिळाला?" उत्तर मुलं स्वतः शोधतात.

चर्चेसाठी प्रश्न

- लायसोझाइममुळे जिवाणू फुटतो, पण आपली पेशी का फुटत नाही?
- पाच पेढे एकदम खाणं आणि दिवसभरात पाच वेळा एकेक पेढा खाणं, दातांच्या दृष्टीनं यात काय फरक आहे?
- झोपेत लाळ कमी होते, तर रात्री दात घासण्याचं कारण आपल्या शब्दांत लिहा.
- बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी चावताना लाळ का वाढते?

पालकांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. लाळ विकत आणावी लागत नाही आणि तिच्यासाठी कुठली महागडी पेस्टही लागत नाही. तिला तीन गोष्टी लागतात : पुरेसं पाणी, दोन खाण्यांमध्ये मोकळा वेळ आणि रात्री घासलेले दात. दात दुखत असेल किंवा त्यावर पांढरा-काळा डाग दिसत असेल, तर लवंग-तेलावर आठवडे काढू नका, दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

शिक्षकांनी हे उपक्रम वर्गात घेतले तर मुलांनी विचारलेले प्रश्न जरूर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हा धडा त्या प्रश्नांपासूनच सुरू करता येईल.